प्लिमथचं घड्याळ दोनदा का बंद पडलं

गाडी 1950 ची प्लिमथ. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात जोडलेली आणि तेव्हापासून एकाच घरात राहिलेली. घर पुण्यात प्रभात रोडवरचं. मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, मी त्यांना काकू म्हणतो. त्यांचे वडील डॉक्टर होते आणि याच गाडीतून व्हिजिटला जायचे. मी अठरा वर्षं जुन्या गाड्यांचं वायरिंग करतो, पण ही गाडी माझ्याकडे नव्हती. दसऱ्यानंतर काकूंचा फोन आला, तेव्हा पहिल्यांदा तिला हात लावला.

“बॅटरी बसलीय आणि आत जळकट वास येतोय. आधी बॅटरी बघ, गाडी सुरू होऊ दे. वासाचं नंतर बघू.”

मी उलट केलं. जुन्या गाडीत वास आला की बॅटरी आधी सोडवायची आणि वास सापडेपर्यंत ती परत जोडायची नाही. या गाड्यांच्या तारांवर सुती विणीचं आवरण असतं, आतलं रबर वाळून पापडासारखं झालेलं असतं. वास डॅशबोर्डच्या मागून येत होता. हात घालून चाचपलं तर सगळ्या तारा ठीक होत्या. घड्याळ बाहेर काढलं आणि नाकाशी धरलं. तेच होतं.

पुढचं सगळं समजायला हे घड्याळ चालतं कसं ते माहीत हवं. त्या काळातल्या बहुतेक अमेरिकन गाड्यांमध्ये बोर्ग किंवा वेस्टक्लॉक्सची घड्याळं असत. त्यांना ‘इलेक्ट्रिक’ म्हणतात म्हणून लोकांना वाटतं की आत मोटर आहे. मोटर नसते. आत साधं चावीचं घड्याळ असतं: बॅलन्स म्हणजे मागेपुढे डोलणारं चाक, त्याची बारीक हेअरस्प्रिंग, दातेरी चाकं, सगळं. फरक एवढाच की त्याची कमान एका वेळी दोनेक मिनिटं पुरेल इतकीच छोटी असते आणि चावी द्यायचं काम वीज करते. कमान सैल होत आली की एक पट्टी हळूहळू खाली येते. तिच्या टोकाला पॉइंट, म्हणजे करंट जोडणारा धातूचा ठिपका असतो. तो समोरच्या पॉइंटला टेकला की कॉइलमध्ये करंट जातो, कॉइल पट्टीला झटका देऊन लांब फेकते, त्या झटक्यात कमान पुन्हा ताणली जाते आणि पॉइंट सुटतात. करंट वाहतो तो डोळ्याची पापणी लवेपर्यंत. ऐकू येतं ते फक्त ‘टक्’. मग दोन मिनिटं शांतता, आणि पुन्हा टक्.

म्हणजे या घड्याळाला जगायला एकच गोष्ट लागते: तो झटका पुरेसा जोरात बसला पाहिजे. पट्टी फेकली गेली तरच पॉइंट सुटतात. झटका अर्धवट बसला आणि पॉइंट टेकलेलेच राहिले, तर करंट थांबायचं कारणच उरत नाही. एका क्षणासाठी बांधलेली कॉइल तासन्‌तास तापत राहते.

इथे तेच झालं होतं. पॉइंट एकमेकांना चिकटले होते, नखाने सुटेनात. कॉइलवरची कागदी पट्टी काळी पडून चुरा झाली होती.

घड्याळ ज्यांनी बनवलं त्यांना हा धोका माहीत होता. म्हणून कॉइलकडे जाणाऱ्या मार्गात ते एक सांधा ठेवत. ताणून धरलेली पितळी पट्टी, टोकाला लवकर वितळणाऱ्या सोल्डरने टेकवलेली. कॉइल तापली की सोल्डर वितळतं, पट्टी उडी मारून सुटते, करंट बंद. या घड्याळातही ती पट्टी होती. पण तिच्या टोकावर साध्या सोल्डरचा मोठा चकचकीत गोळा होता आणि वरून तांब्याच्या तारेचा एक वेढा. कुणीतरी तो सांधा ‘पक्का’ केला होता.

काकूंना विचारलं, आधी कधी दुरुस्त केलं होतं का. तेव्हा गोष्ट उलगडली. 2022 च्या उन्हाळ्यात गाडीला पूर्ण रंग दिला होता. त्यानंतर काही महिन्यांत घड्याळ बंद पडलं. एका दुकानात दिलं, दोन दिवसांत चालू होऊन मिळालं. वर्षभर चाललं. मग या पावसाळ्यात गाडी जूनपासून झाकून ठेवली होती, आणि दसऱ्याला कव्हर काढलं तर हे.

मग काकूंनी सहज एक गोष्ट सांगितली, आणि सगळ्या तपासात तीच सर्वांत मोलाची ठरली. “लहानपणी बाबा पेशंटकडे आत जायचे, मी गाडीत बसायचे. त्या टक् वरून मोजायचे, किती वेळ झाला ते. पाच टक् झाले की बाबा यायचे, दहा-बारा मिनिटांत. रंग दिल्यावर मात्र त्याची सवय बदलली. टक् टक् लवकर व्हायला लागलं. मी म्हटलं, म्हातारं झालं.”

घड्याळ म्हातारं झालं नव्हतं. झटका कमकुवत झाला की कमान पूर्ण ताणली जात नाही, मग ती लवकर संपते, मग पट्टी लवकर खाली येते. दोन मिनिटांचं अंतर तीस सेकंदांवर येतं. काकूंच्या कानाला जे ऐकू आलं, तो घड्याळाकडे पोहोचणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी झाल्याचा पुरावा होता. आणि तो रंगानंतरचा होता.

ही गाडी सहा व्होल्टची, आणि पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं. क्रायस्लरच्या गाड्या 1955 पर्यंत अशाच होत्या, 1956 पासून बारा व्होल्ट निगेटिव्ह अर्थ आलं. घड्याळाला निगेटिव्ह तारेतून मिळतो आणि पॉझिटिव्ह त्याच्या पत्र्याच्या खोक्यातून, क्लॅम्पमधून, डॅशबोर्डच्या पत्र्यातून. रंग देताना डॅशबोर्ड खरवडून, प्रायमर मारून, दोन हात रंग दिला होता. क्लॅम्प त्या रंगावर बसवला होता. म्हणजे अर्थ रंगातून घ्यायचा.

घड्याळाच्या जागी मीटर लावला तर 6.2 व्होल्ट. उत्तम. पण मीटर करंट घेतच नाही, त्यामुळे रंगातून जाणारा अर्थही त्याला चालतो. म्हणून मी 21 वॅटचा सहा व्होल्टचा बल्ब लावला. तो साडेतीन अँपिअर घेतो, म्हणजे झटक्याच्या वेळी कॉइल घेते त्याच्या जवळपास. बल्ब पेटल्याबरोबर दाब 4.8 वर आला. मग मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी घड्याळाच्या क्लॅम्पला लावली: 1.1 व्होल्ट नुसत्या अर्थमध्ये हरवत होते. उरलेले 0.3 निगेटिव्ह तारेत आणि फ्यूजच्या गंजलेल्या चिमट्यात. घड्याळ सोडून मी हा अर्धा दिवस गाडीवर घालवला म्हणून काकू जरा वैतागल्या होत्या. पण हे न करता नवी कॉइल बसवली असती तर तीही पुढच्या पावसाळ्यात जळाली असती.

आता क्रम जुळला. रंगामुळे अर्थ बिघडला. झटका कमी झाला. पॉइंट जास्त वेळा आणि जास्त रेंगाळून टेकू लागले, त्यांच्यावर खड्डे पडले. मग एक दिवस ते टेकलेलेच राहिले आणि सोल्डरचा सांधा सुटला, म्हणजे घड्याळाने स्वतःला वाचवलं. दुकानात कुणी विचारलं नाही की सांधा का सुटला. तुटलेलं जोडलं, घट्ट जोडलं. वर्षभर गाडी आठवड्याला चालत होती, बॅटरी भरलेली होती, म्हणून कसंबसं निभावलं. पावसाळ्यात गाडी उभी राहिली, बॅटरी आपोआप उतरत गेली आणि एका रात्री झटका कमी पडला. या वेळी सुटायला सांधा नव्हता. कॉइल तापत राहिली, तिने उरलेली बॅटरी पिऊन टाकली.

पुष्कळ गाडीवाले म्हणतात, घड्याळ बॅटरी खातं. धडधाकट घड्याळ खात नाही. चार अँपिअरचा झटका, तोही सेकंदाच्या विसाव्या भागापुरता, दर दोन मिनिटांनी. हिशेब केला तर महिन्याला सव्वा अँपिअर-तास होतो. बॅटरी स्वतःहून यापेक्षा जास्त उतरते. बॅटरी खातं ते चिकटलेलं घड्याळ.

घड्याळाचं काय करायचं, यावर काकूंशी दोन बैठका झाल्या. त्यांच्या भाच्याचं म्हणणं, आत क्वार्ट्‌झचं मशीन टाकावं, शंभर-दोनशे रुपयांत काम होतं, तबकडी तीच राहते. त्याचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. आतली चाकं गंजून गेलेली असतील, बॅलन्सचा दांडा मोडलेला असेल, किंवा खोक्यात मशीनच नसेल तर मीही क्वार्ट्‌झ टाकतो. पण त्यासाठी तबकडीचं मधलं भोक मोठं करावं लागतं, काट्यांची नळी कापून बदलावी लागते. एकदा हे केलं की मागे फिरता येत नाही. आणि इथे मशीन शाबूत होतं, जळली होती ती फक्त तार. तार पुन्हा गुंडाळता येते.

भाच्याला दुसरी एक शंका होती. गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायचं चाललं होतं. 2021 च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. घड्याळ उघडलं तर त्यात अडचण येईल का? येत नाही. नियमाचा रोख चासी, बॉडी आणि इंजिनावर आहे. पण त्याच नियमाची दुसरी बाजू घड्याळाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे: असा नंबर घेतलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं, एवढंच. म्हणजे ही गाडी पुढे आणखी जास्त उभी राहणार. आधी नसलेली काळजी आता कायमची घ्यावी लागणार होती.

काकूंनी निर्णय एका वाक्यात दिला. “मला वेळ नकोय रे, वेळ फोनवर आहे. मला टक् हवंय.”

मशीन घेऊन मी कसब्यातल्या माझ्या ओळखीच्या घड्याळजी काकांकडे गेलो. एचएमटीची मनगटी घड्याळं उघडण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, पट्टी चिमट्याने दोनदा हलवली आणि म्हणाले, “अरे, हे तर चावीच्या जागी दारावरची घंटा बसवलेलं घड्याळ आहे.” इतकं नेमकं वर्णन मी कुठे ऐकलं नव्हतं.

काम वाटून घेतलं. घड्याळ त्यांचं, वीज माझी.

कॉइलची तार काढताना मी वेढे मोजत गेलो. वरचे थर सुटे निघाले, आतले वार्निश वितळून एकजीव झाले होते, तिथे अंदाज घ्यावा लागला. 280 च्या आसपास वेढे होते. न जळलेल्या टोकाची जाडी मायक्रोमीटरवर 0.457 मिलिमीटर, म्हणजे 26 गेज. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून तेवढीच तार वजनावर आणली आणि हाताने गुंडाळली, कारण मशीनवर घेण्याइतकं ते काम मोठं नव्हतं. पूर्ण झाल्यावर रोध दीड ओहम. सहा व्होल्टला चार अँपिअर, म्हणजे चोवीस वॅट. काड्यापेटीच्या अर्ध्या आकारात चोवीस वॅट सतत, हे लक्षात आलं की कॉइल का जळते ते वेगळं सांगावं लागत नाही. सहाच्या जागी बारा व्होल्टची बॅटरी टाकणाऱ्यांनी तर हे पाठच करावं: दाब दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. बारावर नेलेल्या गाडीत या घड्याळाच्या तारेत कॉइलइतकाच रोध जोडल्याशिवाय ते चालू करू नये.

काकांनी मशीन पूर्ण सोडवलं, पेट्रोलमध्ये धुतलं, प्रत्येक भोक लाकडी काडी फिरवून साफ केलं. जुनं तेल मेणासारखं झालं होतं. नवं तेल फक्त दांड्यांच्या टोकांना, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढं. डब्यातलं तेल फवारून घड्याळ ‘मोकळं’ करणारे लोक मी पाहिलेत. ते दोन दिवस चालतं, कारण तेल सगळीकडे पोहोचलेलं असतं, आणि मग त्याच कारणाने बंद पडतं. हेअरस्प्रिंगवर तेल गेलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळत सुटतं. पॉइंटवर तेल गेलं की ठिणगीने त्याचा कोळसा होतो.

पॉइंट घासायला मी त्यांना दिले नाहीत, ते माझ्या धंद्यातलं. डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट घासतो तसे कानशीने घासू नयेत, धातू फार थोडा असतो. आधी तेलदगडाच्या बारीक पट्टीवर दोन्ही सपाट केले, मग पॉइंटमध्ये कोरा जाड कागद धरून ओढला, तो पांढरा निघेपर्यंत.

ठिणगी कमी करायला कॉइलला समांतर काहीतरी लावतात. आजकाल सगळे डायोड लावतात, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा. डायोड चांगलाच, पण त्याला दिशा असते. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत त्याची पट्ट्याची बाजू बॉडीकडे यावी लागते. उद्या कुणी सवयीने बॅटरी उलटी जोडली तर तो सरळ शॉर्ट होतो. म्हणून मी पंधरा ओहमचा रेझिस्टर लावला, कॉइलच्या रोधाच्या दहापट. पॉइंट सुटताना कॉइलमधले चार अँपिअर त्यातून वाहून जातात, उसळणारा दाब साठ व्होल्टच्या आसपास थांबतो, आणि बॅटरी कशीही जोडा, त्याला फरक पडत नाही.

आता तो सांधा. तोच सगळ्यांत नाजूक भाग. साधं 60-40 सोल्डर 183 अंशांना वितळायला लागतं, तोपर्यंत कॉइलचं वार्निश गेलेलं असतं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मोबाइल दुरुस्तीवाल्यांसाठी 138 अंशांना वितळणारी बिस्मथची पेस्ट मिळते. ती वापरली. पण एक सावधगिरी लागते: जुन्या सोल्डरमधलं शिसं जागेवर राहिलं आणि त्यात बिस्मथ मिसळला तर मिश्रण शंभर अंशांच्याही आत वितळू लागतं. म्हणून पट्टी आणि टोक दोन्ही आधी चकाचक घासून काढावं लागलं. त्या चकचकीत गोळ्याचं सोल्डर काढायलाच तास गेला.

काट्यांवर हिरवट पडलेला रंग होता. त्या काळातला चमकणारा रंग रेडियमचा असू शकतो. तो आता चमकत नाही तो रेडियम संपला म्हणून नव्हे. रेडियम अर्धं व्हायला सोळाशे वर्षं लागतात, आधी थकतो तो प्रकाश देणारा पदार्थ. खरवडून त्याची पूड उडवायची नाही, एवढा नियम पाळला. काटे चिमट्याने काढले, झाकणाच्या डबीत ठेवले, तसेच परत लावले.

जोडणी झाल्यावर एक चूक आमच्याच हातून होणार होती. काकांनी दुकानातला सहा व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावला. घड्याळ एकदा गुर्र करून थांबलं. मी बोट लावलं तर कॉइल कोमट. अ‍ॅडॅप्टर एक अँपिअरचा होता, चार मागितल्यावर त्याचा दाब कोसळला आणि पॉइंट टेकलेलेच राहिले. म्हणजे गाडीत जे झालं तेच टेबलावर. ताबडतोब पिन ओढली.

“अरे, मी मागच्या वर्षी असंच एक घड्याळ ‘जळालंय’ म्हणून परत दिलं,” काका म्हणाले आणि बराच वेळ गप्प राहिले.

त्यानंतर सगळी चाचणी बॅटरीवर केली. आठ दिवस. घड्याळ डॅशबोर्डमध्ये जितकं कललेलं बसतं तितकंच कलवून, कारण आडवं आणि उभं यात बॅलन्सची चाल बदलते. पहिल्या दिवशी सहा मिनिटं पुढे गेलं. काकांनी मागचा दांडा केसभर ‘एस’कडे, म्हणजे ‘स्लो’कडे सरकवला, मग आणखी केसभर. आठव्या दिवशी फरक दिवसाला दीड मिनिट. याहून बारीक जायला ते तयार नव्हते आणि मलाही गरज वाटली नाही.

गाडीत बसवताना क्लॅम्पखालचा रंग रुपयाच्या नाण्याएवढा खरवडला, आणि त्याच्या भरवशावर न राहता खोक्यापासून डॅशबोर्डच्या कण्यापर्यंत वेगळी अर्थची तार टाकली. बल्ब लावून पुन्हा मोजलं: 6.0. तारेत एक अँपिअरचा, सावकाश उडणारा काचेचा फ्यूज घातला. साधा फ्यूज दर झटक्याने थकत जातो, सावकाश उडणारा क्षणभराचे चार अँपिअर सोसतो, पण पॉइंट चिकटले तर काही सेकंदांत जातो. म्हणजे आता सांध्याआधी फ्यूज आहे. फ्यूज हाताला लागेल अशा जागी, ग्लव्हबॉक्सच्या आत ठेवला, कारण काकू वाकू शकत नाहीत.

काकूंना तीन गोष्टी लिहून दिल्या, त्या त्यांनी ग्लव्हबॉक्समध्येच चिकटवल्या. गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर फ्यूज काढायचा. परत लावताना आधी बॅटरी मोजायची, 6.3 असेल तरच फ्यूज लावायचा, आणि एका दमात बसवायचा, टेकवून-काढून बघायचं नाही. थंड इंजिनाला सेल्फ बराच वेळ मारावा लागणार असेल तर तेव्हाही फ्यूज काढलेला बरा, कारण सेल्फ फिरताना सहा व्होल्टची गाडी साडेचारवर येते आणि नेमक्या तेव्हाच पॉइंट टेकले तर पट्टी फेकली जात नाही.

पहिल्या दिवशी फ्यूज काकूंनीच लावला. मोबाइलवर सेकंद मोजत बसल्या. पहिला टक् लगेच झाला. दुसरा एक मिनिट पन्नास सेकंदांनी. तिसरा पुन्हा एक पन्नासने. पाच होईपर्यंत त्या दार उघडं ठेवून मागच्या सीटवर बसून होत्या, मी बाहेर थांबलो.

पुढच्या वर्षी जूनला फ्यूज काढला, ऑक्टोबरला लावला. त्या वेळी मी मशीन बाहेर काढून पॉइंट बघितले. एकावर टाचणीच्या टोकाएवढा करडा डाग, बाकी स्वच्छ. सांध्यावरचं सोल्डर जसंच्या तसं. एप्रिलमध्ये पोर्चमधल्या उन्हात घड्याळ दिवसाला तीन मिनिटं मागे पडतं. काकांना दांडा परत सरकवायचा आहे. काकू म्हणतात राहू दे, पावसाळ्यात तो फ्यूज निघणारच आहे.